मूठभर धान्याचा इतिहास

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे. गॅझेटियरांत पावसाचे इंच आहेत, धान्याचे भाव आहेत, दगावलेल्या माणसांचे आणि गुरांचे आकडे आहेत. पण त्याच दिवसांत कोणी कोणाच्या घरी पीठ पोचवले, कोणत्या मशिदीच्या ओसरीवर डेग चढली, कोणत्या बाईने आपल्या दुरडीतली भाकरी शेजारी सरकवली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. देणाऱ्याने वाच्यता करू नये, हा आपला रिवाज. रिवाज चांगला आहे, पण त्यामुळे हा इतिहास तुकड्यातुकड्यांनीच गोळा करावा लागतो.

गोराईसारख्या उपनगरात राहणाऱ्या आम्हा काही जणांना हे तुकडे जुळवून पाहावेसे वाटले, त्याला कारण २०२० साल. त्याविषयी पुढे येईलच. आधी एक जुना भेद सांगायला हवा. कुरआनने सधनांच्या संपत्तीत दोघांचा ठरलेला हक्क सांगितला आहे. एक साइल, दुसरा महरूम. साइल म्हणजे मागणारा. महरूम म्हणजे वंचित, आणि भाष्यकारांनी त्याचा एक अर्थ असा लावला आहे की ज्याला गरज आहे पण जो हात पसरत नाही. इथे शब्द हक्काचा आहे, उपकाराचा नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मागणाऱ्यापर्यंत अन्न पोचवणे तुलनेने सोपे असते. न मागणाऱ्यापर्यंत ते कसे पोचवायचे, हा खरा पेच. महाराष्ट्राने या पेचाची वेगवेगळ्या काळी जी उत्तरे शोधली, ती पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खानकाहची चूल

खुलताबादला ज्यांची दर्गाह आहे ते शेख बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद. मुहम्मद तुघलकाच्या काळात दिल्लीची माणसे दौलताबादेला आली, त्या लोंढ्याबरोबर चिश्ती परंपराही दख्खनेत उतरली. १३३७ साली शेखसाहेबांचे निधन झाले. परंपरा असे सांगते की दिल्लीत असताना मुर्शिदांच्या खानकाहच्या स्वयंपाकघराची व्यवस्था त्यांच्याकडे होती. म्हणजे आपल्या मुलखात आलेला हा थोर सूफी मुळात चुलीपाशी घडलेला माणूस होता.

निजामुद्दीन औलियांच्या खानकाहची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. दिवसभर जे नजराणे येत ते वाटून टाकले जात आणि दर शुक्रवारी कोठार रिकामे करून झाडून घेतले जाई. हल्ली ज्याला 'फूड बँक' म्हणतात तिची आधुनिक सुरुवात १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी केली, असे मानले जाते. बँक म्हटली की साठा आला. खानकाहचे शास्त्र उलटे होते. कोठार भरले याचा अर्थ कोणीतरी उपाशी राहिला, असा तिथला हिशेब.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. बिदरच्या बादशहाच्या चाकरीतल्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी पेव लोकांसाठी उघडले. त्यांना पकडून नेले तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरला धान्याची रक्कम भरली, अशी ही कथा. तिच्यात चमत्कार आहे, पण एक रोखठोक प्रश्नही आहे. राज्याच्या कोठारातील धान्य कोणाचे? मुसलमान बादशहा, ब्राह्मण अंमलदार आणि महार म्हणून आलेला देव, असे तिघे जिथे एकत्र येतात ती गोष्ट शेवटी एका पावतीची आहे. लोकांनी ती शतकानुशतके जपली, कारण पेव उघडण्याला कोणीतरी मान्यतेची मोहोर उठवावी, असे त्यांना वाटत होते.

मुंबईतला खानकाहच्या चुलीचा वारसा पाहायचा तर माहीमला जावे. मखदूम फकीह अली माहिमी (१३७२-१४३१) हे कोकणातले विद्वान, कुरआनचे भाष्यकार. त्यांच्या दर्ग्याच्या परिसरातील काही साध्या हॉटेलांसमोर गेली कित्येक वर्षे भुकेली माणसे ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे ठेवून 'दहा जणांना' म्हणतो आणि दहा जण जेवतात. दाता कोणत्याही धर्माचा असतो, जेवणाराही. व्यवस्था सोपी आणि चोख. पण ती साइलची आहे. भर रस्त्यावर ओळीत बसणे ज्याला जमत नाही त्याची भूक त्या ओळीत मोजली जात नाही.

दहा मैलांची परीक्षा

न मागणाऱ्याला वगळण्याचे शास्त्र इंग्रज सरकारने १८७६-७८ च्या दुष्काळात उभे केले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा ठरवला. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. शिवाय काम घरापासून दहा मैल दूर असावे, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असा कावा. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला या रोजाविरुद्ध काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसांचा तो संप होता. मदत घेणाऱ्यालाही मत असते, हे त्या संपाने दाखवले.

त्याच १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. जोतीराव फुले यांनी त्यासाठी मदतीचे आवाहन केले. मुलाला दहा मैल चालायला लावून त्याची भूक सिद्ध करून घेण्याचा प्रश्न तिथे नव्हता.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम बनले त्यांत पडदानशीन स्त्रियांना घरपोच मदत देण्याची तरतूद आली. बाहेर पडू न शकणाऱ्या बाईची भूक सरकारी कागदावर आली ती अशी. महरूम हा शब्द तिथे नव्हता, पण कल्पना तीच होती.

मुष्टिफंड

आमच्या मते या पेचाचे सर्वांत सुंदर उत्तर सातारा भागाने दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुले जेवायची कशी? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वांना माहीत आहे. पण रोजची चूल दागिन्यांवर चालत नाही. त्यासाठी मुष्टिफंड होता. घराघरांतून मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि गोळा झालेले वसतिगृहाच्या कोठीत टाकायचे.

मूठ हे माप किती विचारपूर्वक निवडले आहे पाहा. मूठभर देणे गरिबालाही जमते, त्यामुळे घेणारा आणि देणारा असे दोन गट पडत नाहीत. ज्याचा मुलगा वसतिगृहात जेवतो त्याच्याही घरची मूठ कोठीत असते. मराठ्याची ज्वारी आणि मुसलमानाची ज्वारी एका पोत्यात पडली की निवडून वेगळी काढता येत नाही. आभार मानायचे तर ते साऱ्या मुलखाचेच मानावे लागतात. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढवली. त्यांत १९०६ च्या मोहमेडन एज्युकेशन सोसायटीमागेही ते स्वतः उभे राहिले. कित्येक मुसलमान घरांतला पहिला शिकलेला मुलगा अशाच कोणत्यातरी सार्वजनिक पंगतीत जेवून शिकला.

आपल्याकडचा फित्रा हाही मापाचाच विचार आहे. ईदच्या नमाजाआधी माणशी ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत गरजूंना पोचली पाहिजे. घाटावरचे हनफी लोक अर्धा साअ, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास गहू धरतात. कोकणातले शाफई पूर्ण साअ, साधारण अडीच किलो, आणि तोही आपल्या रोजच्या अन्नाचा, म्हणजे तांदळाचा. घरात काल जन्मलेल्या बाळाचाही फित्रा काढतात. ज्याच्याकडे सणापुरते खाऊन उरते त्यालाही तो द्यावा लागतो, असे शाफई मत आहे. इथेही तत्त्व मुष्टिफंडाचेच. देणाऱ्यांचा घेर इतका मोठा करायचा की देण्याचा तोरा उरू नये.

कार्डाचा रंग

मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती त्याच वर्षी या शहरात श्रीमंत-गरीब सर्वांच्या हाती मोजून धान्य मिळाल्याचा कागद आला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी खाल्ली, खडी फोडली, आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि मजुराला काम 'मागण्याचा हक्क' मिळाला. टेंपलच्या एका पौंडापासून इथपर्यंत यायला शंभर वर्षे लागली.

१९९९ मध्ये राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते धान्य मोफत झाले. ही कामगिरी मोठी आहे. पण रंगांनी माणसे वाटली की दोन रंगांच्या मधल्या फटीत काही घरे पडतातच.

दोन गोराई

गोराई दोन आहेत. खाडीपलीकडचे जुने गाव, ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांचे आणि कोळ्यांचे. तिथे बोरिवलीकर होडीने जातात. अलीकडची गोराई म्हणजे बोरिवली पश्चिमेची वसाहत. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात म्हाडाने चारकोपबरोबर इथेही अल्प उत्पन्न गटासाठी लहान लहान भूखंड पाडले. लोकांनी सहकारी सोसायट्या करून, पैसा पैसा जोडून घरे बांधली. रिक्षावाले, शिंपी, कारकून, कारखान्यातले कामगार असे सर्व जातिधर्मांचे लोक एका गल्लीत आले.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी झाली तेव्हा या वसाहतीचा पेच वेगळाच होता. घर स्वतःचे, कार्ड केशरी, आणि हातातली मजुरी बंद. झोपडपट्टीत शिजलेल्या अन्नाच्या गाड्या जात होत्या. राज्याने २६ जानेवारीला सुरू केलेली शिवभोजन थाळी मार्चअखेरीस १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली. केशरी कार्डधारकांना मे-जूनमध्ये ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ देण्याचा निर्णय झाला. पण एप्रिल काढायचा होता. स्वतःच्या ओट्यावर बसलेला शिंपी रांगेत उभा राहणार नव्हता. साइल आणि महरूम यांतला फरक आम्हाला तेव्हा दारोदार दिसला.

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदी बंद होत्या, इफ्तारचा खर्च नव्हता. आम्ही आणि शेजारच्या गल्ल्यांतल्या मित्रांनी जकात, फित्रा आणि वर्गणी एकत्र करून तांदूळ, पीठ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ आणि साबण अशी पुडकी बांधली. नाव, धर्म, कार्डाचा रंग विचारायचा नाही. घरात खाणारी तोंडे किती, एवढेच. फोटो काढायचा नाही. काही घरांची खबर किराणा दुकानदाराकडून आली, कारण महरूमचा पत्ता उधारीच्या वहीत असतो. त्याने फक्त थकलेला आकडा सांगायचा, नाव सांगायचे नाही, आणि आम्ही तो भरायचा. उस्मानी तुर्कस्तानात रमजानमध्ये अनोळखी दुकानात जाऊन वहीतली उधारी फेडण्याचा रिवाज होता, हे आम्हाला मागाहून वाचायला मिळाले.

हेच दिवस तबलिगी जमातच्या निमित्ताने साऱ्या मुसलमानांकडे बोट दाखवण्याचे होते. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले जात होते. त्याच हातांनी बांधलेली पुडकी त्याच गल्ल्यांत घेतली जात होती, हेही खरे. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. दोन्ही गोष्टी इतिहासात शेजारी शेजारी लिहिल्या पाहिजेत.

त्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये हारून मुकाती इस्लामिक सेंटरने रोटी बँक सुरू केली होती. सभासदाने घरच्या दोन रोट्या आणि सालन आणून ठेवायचे, गरजूने येऊन घेऊन जायचे. मुष्टिफंडाची मूठ तिथे रोटी झाली. आणि त्याच जिल्ह्यात करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या रोट्या विखुरल्या होत्या. त्यांच्याजवळ खायला होते. त्या रात्री त्यांना हवी होती ती घरी नेणारी गाडी. अन्नकोठार कितीही चांगले असो, माणसाचे सगळे हक्क त्यात मावत नाहीत, हे करमाडने शिकवले.

म्हणून खाजगी दानशूरपणाची आरती ओवाळून थांबणे आम्हाला मान्य नाही. पेव सरकारनेच उघडले पाहिजे. पण कार्डांच्या फटीतले घर आधी शेजाऱ्याला दिसते, सरकारला नंतर. ते दिसलेले लिहून ठेवणे हेही शेजाऱ्याचेच काम आहे. प्रत्येक मोहल्ल्याने, प्रत्येक गल्लीने २०२० मध्ये किती पोती आली, कोणत्या दिवशी वाटली, कशी पोचवली, हे घेणाऱ्याचे नाव वगळून लिहावे. ज्यांच्या आज्यांनी बहात्तरची सुकडी शिजवली त्यांनी आजीला विचारून लिहावे. आमच्या गोराईच्या वहीत तारखा आहेत, डाळ-तांदळाचे किलो आहेत, घरात खाणारी तोंडे आहेत. नावे नाहीत.