कार्मेन सँडिएगो : चोरामागे धावताना शिकलेला भूगोल

१/ समजा, एक चोर हातून निसटला आहे. बँकेतला साक्षीदार एवढेच सांगतो, की त्याने पैसे बदलून रुपये घेतले. आता विमान कोठे न्यायचे? नवी दिल्लीला, काठमांडूला की कोलंबोला? रुपया तर तिन्ही देशांत चालतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतील असंख्य मुले अशा कोड्यांतून जगाचा भूगोल शिकली. त्या खेळाचा हा इतिहास.

२/ १९८५ साली ब्रोडरबंड या अमेरिकन कंपनीने ॲपल टू संगणकासाठी ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज कार्मेन सँडिएगो?’ हा खेळ बाजारात आणला. डग आणि गॅरी कार्लस्टन या बंधूंनी १९८० मध्ये ही कंपनी स्थापन केली होती. डेव्हिड सीफकिन, जीन पोर्टवुड, लॉरेन एलियट आणि डेन बिगम हे या खेळाचे प्रमुख शिल्पकार.

३/ खेळणारा गुप्तहेर असे. कार्मेनच्या टोळीतील कोणी तरी एखादा अनमोल ठेवा पळवी. साक्षीदार ध्वजाचे रंग, चलन, भूरूपे यांचे धागेदोरे देत. मुदत सोमवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत. चुकीच्या शहरी गेल्यास तास वाया जात. चोराचे वर्णन जुळवून अटक वॉरंट मिळवले नाही, तर समोर आलेला चोरही सुटून जाई.

४/ खरी गंमत खेळाच्या खोक्यात होती. फ्लॉपीसोबत ‘द वर्ल्ड अल्मनॅक’ हा जाडजूड संदर्भग्रंथ मिळे. १८६८ पासूनची परंपरा असलेले हे वार्षिक. खेळ उत्तर सांगत नसे. ते ग्रंथात शोधावे लागे. पाठांतराची सक्ती नव्हती, परंतु गरजेपोटी शोधलेली माहिती आपोआप लक्षात राही.

५/ खेळात ३० शहरे होती. लंडन, पॅरिस, टोकियो यांच्या पंक्तीला मोरोनी, बामाको, किगाली आणि पोर्ट मोर्स्बीही होती. बातम्यांत क्वचितच येणारी ही नावे मुलांच्या ओळखीची झाली.

६/ अमेरिकेला याची निकड होती. १९८८ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने गॅलपकरवी नऊ देशांत भूगोलज्ञानाची पाहणी केली. १८ ते २४ वयोगटात अमेरिकन तरुण सर्वांत मागे होते. या पाहणीने चिंता वाढली आणि १९९१ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर याच खेळावर आधारलेली प्रश्नमंजूषा सुरू झाली. तिच्या अखेरच्या फेरीत स्पर्धक मूल जमिनीवर अंथरलेल्या भव्य नकाशावर धावत देश दाखवी.

७/ मात्र त्याच सुमारास नकाशाच पायाखालून सरकू लागला. ऑक्टोबर १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९८५ च्या फ्लॉपीतील मॉस्को मात्र अजून त्याच संघाची राजधानी होती.

८/ म्हणून कार्यक्रमाच्या शेवटी एक सूचना दिली जाई : यातील भौगोलिक माहिती चित्रीकरणाच्या दिवशी अचूक होती. मुलांच्या कार्यक्रमातील ही छोटीशी सूचना त्या काळाचा अस्सल ऐतिहासिक पुरावा ठरते.

९/ या पद्धतीला मर्यादाही होती. खेळातील किगाली म्हणजे एक ध्वज, एक चलन आणि काही खुणा. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात नरसंहार सुरू झाला आणि तेच नाव जगभरच्या बातम्यांत आले. शहर नकाशावर दाखवता येणे वेगळे आणि तेथील माणसांवर काय ओढवले आहे, हे उमगणे वेगळे. पुढे २००१ मध्ये रवांडाने ध्वजही बदलला. खेळात शिकलेली खूण कालबाह्य झाली.

१०/ तरीही या खेळाचे श्रेय कमी होत नाही. फ्लॉपीतले जग १९८५ मध्येच थांबले. सोबतचा ग्रंथ मात्र दरवर्षी नव्याने निघत राहिला. ज्या मुलांना त्यात शोधण्याची सवय जडली, त्यांना बदललेला नकाशा नव्याने शिकता आला. खेळाची खरी शिकवण तीस शहरांच्या यादीपेक्षा या सवयीत होती.