अवसादरोधी औषधे

अवसाद या मनोविकाराची तीव्रता कमी करणाऱ्या औषधांना अवसादरोधी औषधे म्हणतात. दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, कशातही रस न वाटणे, निद्रानाश, अपराधीपणाची भावना आणि आत्महत्येचे विचार ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. निरोगी व्यक्तीस या औषधांनी सहसा उल्हास वाटत नाही. या बाबतीत ती उत्तेजक औषधांहून भिन्न आहेत.

इतिहास : या औषधांमागील जीवरासायनिक कल्पनेचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. सर्पगंधा ही वनस्पती निद्रानाश व उन्माद यांवर भारतात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्या मुळांपासून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. रेसर्पिनाने रक्तदाब उतरे. परंतु काही रुग्ण अतिशय खिन्न झाल्याचेही आढळले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे साठे रिकामे करते, असे प्रयोगांत दिसून आले. यावरून या अमाइनांची उणीव हेच अवसादाचे कारण असावे, असा तर्क पुढे आला.

दरम्यान दोन औषधे जवळजवळ योगायोगानेच हाती आली. क्षयरोगावरील इप्रोनियाझिडामुळे रुग्णांची मनःस्थिती सुधारत असल्याचे १९५२ च्या सुमारास दिसले व १९५७ पासून ते अवसादावर वापरले जाऊ लागले. इमिप्रामिनाचा हा गुण स्वित्झर्लंडमधील रोलांट कून यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईतील गोरेगाव येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या सीबा संशोधन केंद्रात नायट्रोक्झाझेपीन हे याच प्रकारचे औषध शोधण्यात आले. ते १९८२ मध्ये ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले.

प्रकार, क्रिया व धोके : (१) मोनोअमाइन ऑक्सिडेझरोधी : इप्रोनियाझीड या वर्गातील असून अमाइनांचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला ही औषधे रोखतात. मुरवलेले चीज यांसारख्या टायरामीनयुक्त पदार्थांबरोबर घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. (२) त्रिवलयी : इमिप्रामीन, ॲमिट्रिप्टिलीन इत्यादी. तंत्रिका कोशिकांनी सोडलेल्या अमाइनांचे पुनर्ग्रहण ती थांबवतात. तोंडास कोरड, बद्धकोष्ठ व मूत्रावरोध हे त्यांचे अनुषंगी परिणाम होत. अतिमात्रेने हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून आत्महत्याप्रवण रुग्णाजवळ त्यांचा मोठा साठा ठेवणे घातक ठरते. (३) निवडक सेरोटोनीन-पुनर्ग्रहणरोधी : फ्लुओक्सेटीन (अमेरिकेत मान्यता १९८७), सर्ट्रालीन इत्यादी. अतिमात्रेत ही तुलनेने सुरक्षित असतात. तथापि मळमळ, लैंगिक मंदता आणि वृद्धांत रक्तातील सोडियम घटणे हे दोष त्यांत आहेत. (४) सेरोटोनीन व नॉरॲड्रेनॅलीन या दोहोंचे पुनर्ग्रहण रोखणारी व्हेन्लाफॅक्सिनासारखी औषधे रक्तदाब वाढवू शकतात.

सेरोटोनीन वाढविणारी दोन औषधे एकत्र आल्यास ताप, थरथर व भ्रम हा प्राणघातक ठरू शकणारा लक्षणसमूह उद्‌भवू शकतो. द्विध्रुवी विकारात उन्मादाचा झटका येण्याचा संभव असतो. लहान मुले व तरुण यांच्यात उपचाराच्या आरंभी आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला व २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांना लागू केला. औषध एकदम बंद केल्यास भोवळ, अस्वस्थता व झोपमोड असा त्रास होतो. म्हणून वैद्याच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी लागते.

मूल्यमापन : अमाइनांच्या उणिवेचा सिद्धांत आज जसाच्या तसा स्वीकारला जात नाही. अमाइनांवरील परिणाम काही तासांत घडतो, पण पुरेसा गुण येण्यास बहुधा २ ते ४ आठवडे लागतात. १९५५ मध्येच लंडनमधील डेव्हिस व शेपर्ड यांना चिंताग्रस्त व अवसादी रुग्णांत रेसर्पिनाचा उलट लाभच दिसला होता. अवसाद सेरोटोनिनाच्या कमतरतेने होतो याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ मधील एका व्यापक समीक्षेनेही काढला. मात्र कारणमीमांसा अपुरी ठरली म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. मध्यम व तीव्र अवसादात ही औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरासरीने अधिक गुणकारी आढळली आहेत, जरी हा फरक माफक असला तरी. म्हणून औषधाची निवड करताना विकाराची तीव्रता, वय, इतर व्याधी व चालू औषधे यांचा विचार करणे आणि पहिल्या काही आठवड्यांत रुग्णावर बारीक लक्ष ठेवणे आवश्यक असते.