खदानीतल्या मजुराचं मत कोण विचारतं?

खाण कामगार म्हटलं की डोळ्यांसमोर कोळसा येतो. परतवाड्याच्या आसपास गिट्टी फोडणारा मजूर कोणालाच आठवत नाही. आम्ही म्हणतो, आधी इतिहास वाचा.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेब झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले, खाणीत स्वतः उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. जानेवारी 1944 मध्ये वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसला आणि त्यातून खाण मजुरांच्या कल्याणाचा निधी उभा राहिला. मजुराचं आरोग्य ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही, सरकारची जबाबदारी झाली.

1952 च्या खाण कायद्याने दगडखाणीलाही खाण मानलं, सिलिकोसिसला खाणीतला आजार मानलं. पण मजुराच्या आवाजाला 1955 च्या नियमांनी आकड्याची अट घातली. सुरक्षा समिती हवी तर शंभराहून जास्त कामगार, कामगारांचा निरीक्षक हवा तर किमान पाचशे. मग वीस-तीस मजुरांच्या खदानीचं काय? पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा वडार, मेळघाटातून पोटासाठी उतरलेला कोरकू, भूमिहीन बौद्ध यांनी बोलायचं कुठे?

‘मजुराला सुरक्षेतलं काय कळतं?’ असं विचारलं जातं. कडा सैल झाली की दगड आधी त्याच्याच अंगावर येतो. धूळ त्याच्याच छातीत बसते. त्याच्याइतकं कोणाला कळणार?

खदान लहान असो की मोठी, मजुरांनी निवडलेला प्रतिनिधी तिथे हवाच. मजुराच्या जिवाची किंमत हजेरीपटावरून ठरत नसते.

जय भीम!