मुसळाची ओवी

शेंगदाण्याची चटणी मिक्सरमधून काढली की कोरडा भुगा होतो. उखळात कुटली की तेल सुटतं आणि चटणी मिळून येते. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ओवीचा माग काढत गेलं की आपण याच उखळापाशी येतो, हे मात्र सांगावं लागतं. कारण आपल्या तोंडी बसलंय ते 'जात्यावरची ओवी'.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग, उमरगा आणि मग बसवकल्याणचा फाटा. हे चालुक्यांचं कल्याण. इथला राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय. हत्तींपासून मांड्यांपर्यंत राजाला ठाऊक हवं ते सगळं त्यात आहे. गाण्याच्या प्रकरणात तो नोंदवतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. दळताना नव्हे, कांडताना. दरबार कानडी, ग्रंथ संस्कृत, गाणं मराठी. सोलापूरकराला यात नवल वाटू नये. त्याच्या गल्लीत आजही कानडी, तेलुगू, मराठी एकाच नळावर भांडतात.

कांडण्याने फरक पडतो. जातं घरघरत राहतं, त्याला ठोका नाही. मुसळाला आहे. एका उखळात दोघी कांडायला बसल्या की एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली यायला हवं, नाहीतर मुसळंच एकमेकांवर आदळतील. अशा वेळी ताल धरायला मृदंग लागत नाही.

सोमेश्वरानंतर शंभरेक वर्षांनी देवगिरीला यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि ओवीला चक्क लक्षण दिलं: देशभाषेत गायचे तीन यमकबद्ध खंड आणि शेवटी 'ओवी' हा शब्द. ज्ञानेश्वरीची ओवी आठवा. तीन चरण जुळलेले, चौथा आखूड आणि मोकळा. उखळापाशी 'ओवी' म्हणून सोडलेली ती जागाच ज्ञानदेवांनी 1290मध्ये अर्थाने भरली, असं मला वाटतं. पुरावा मागू नका, कान लावून पाहा.

सोमेश्वर आणि शार्ङ्गदेव यांच्या मधल्या काळात तिकडे पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये लेओनँ आणि पेरोतँ यांच्या नावाने ओळखलं जाणारं गाणं घडत होतं. तिथे दोन, तीन, चार आवाज एकाच वेळी निरनिराळ्या वाटांनी जात. ते जमवायचं तर रेघांवर स्वर मांडून लिहिणं आलंच. तेराव्या शतकातली तशी एक पोथी आज फ्लॉरेन्सला आहे. आपल्या ओवीत दुसरा आवाज पहिल्यावर चढत नाही. पहिलीचा दम सरतो तिथे दुसरी ओळ उचलते. तिची वही म्हणजे मुसळ.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या मात्र जात्यावरच्या. तोवर उखळ मुकं झालं होतं. 'ओवी' हा शब्द 'ओवणे'शी जोडतात. चादरींच्या सोलापूरला ते पटायला हरकत नाही.

शब्दांत टिकलं ते 'कांडप'. उन्हाळा लागला की 'मिरची कांडप' अशा पाट्या दिसतात. आत डंक्याची लोखंडी मुसळं आळीपाळीने वर-खाली होत असतात, ठोक्यात ठोका न मिसळता. बायका डबे घेऊन नाकाला पदर लावून बाहेर उभ्या असतात.