प्रकटीकरण

ख्रिस्ती पवित्र शास्त्राच्या नव्या करारातील सत्ताविसावा आणि शेवटचा ग्रंथ. मराठी बायबलमध्ये तो ‘योहानाला झालेले प्रकटीकरण’ या नावाने येतो. अध्याय २२, मूळ भाषा ग्रीक. रचना इ. स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियन (कार. ८१–९६) याच्या अखेरच्या वर्षांत झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात; सम्राट नीरोच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत, इ. स. ६८-६९ च्या आसपास ती झाली असेही काहींचे मत आहे. ख्रिस्ताचे दुसरे आगमन, अखेरचा न्याय, नवे आकाश व नवी पृथ्वी यांची दृश्ये या ग्रंथात असल्यामुळे तो जगाच्या अंताचे पंचांग म्हणून शेकडो वर्षे वाचला गेला आहे. त्याचे पहिले श्रोते मात्र तारखा विचारत नव्हते. आपली माणसे मारली जातात, आपण प्रार्थना करतो आणि काही घडत नाही. ही प्रार्थना कुठे जाते, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथाची सारी रचना या प्रश्नाभोवती उभी आहे.

लेखक स्वतःला नुसते ‘योहान’ म्हणवतो. देवाचे वचन आणि येशूविषयीची साक्ष यांमुळे आपण एजियन समुद्रातील पात्म नावाच्या बेटावर होतो, असे तो सांगतो. तिथे त्याला हद्दपार केले होते असा परंपरागत समज आहे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिनने हा योहान म्हणजे येशूचा प्रेषित असे मानले. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने चौथ्या शुभवर्तमानाची नितळ ग्रीक आणि या ग्रंथाची खडबडीत, व्याकरणाशी झगडणारी ग्रीक ताडून पाहिली आणि हे दोन वेगळे लेखक असावेत असा निष्कर्ष काढला. त्याचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो आणि बहुसंख्य अभ्यासक त्याच बाजूचे आहेत. लेखकाच्या शैलीवर हिब्रू शास्त्राची दाट छाया आहे. जुन्या करारातले एकही वचन तो ‘असे लिहिले आहे’ म्हणून उद्धृत करत नाही. तरी दानीएल, यहेज्केल, यशया, जखऱ्या, निर्गम आणि स्तोत्रे यांचे शेकडो पडसाद त्याच्या ओळीओळींत ऐकू येतात. शास्त्र ज्याच्या अंगात इतके मुरले आहे, त्याला संकटात बोलायला दुसरी भाषा सुचत नाही.

ग्रंथ पत्रासारखा सुरू होतो. पत्र आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील सात मंडळ्यांना आहे : इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. इफिसाहून निघालेला निरोप्या ज्या क्रमाने ही गावे घेईल, त्याच क्रमाने ती येतात. प्रत्येक मंडळीला तिचे गुणदोष नाव घेऊन सांगितले आहेत. सातांपैकी फक्त स्मुर्णा व फिलदेल्फिया यांना बोल लावलेला नाही. दोन्ही दुबळ्या, स्मुर्णा तर गरीबही. सर्वांत कडक शब्द श्रीमंत लावदिकीयेच्या वाट्याला आले आहेत. इ. स. ६० मधील भूकंपानंतर या शहराने रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारणी केली, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. आपल्याला कशाचीही उणीव नाही, हा तिथल्या ख्रिस्ती लोकांचा भ्रम पत्रात फोडून काढला आहे.

या गावांतला छळ नेमका कसा होता, हे समजून घ्यावे लागते. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना क्रूरपणे मारले, पण ते राजधानीपुरते होते. डोमिशियनने साम्राज्यभर मोहीम काढल्याचे पुरावे अपुरे आहेत. आशिया प्रांतात दडपण होते ते रोजच्या व्यवहाराचे. पर्गमात इ. स. पू. २९ पासून ऑगस्टस आणि रोमा देवी यांचे मंदिर होते. इफिसात डोमिशियनच्या काळातच त्याच्या घराण्याचे मंदिर उभे राहिले. सण, बाजार, कारागिरांचे संघ, सार्वजनिक जेवणावळी, सगळीकडे सम्राटपूजेचा धागा होता. त्यात सामील न होणारा माणूस हळूहळू एकटा पडे आणि कुणी तक्रार केली तर कचेरीत उभा राही. पुढच्याच पिढीत, इ. स. ११२ च्या सुमारास, शेजारच्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ही चौकशी कशी चाले ते दिसते : सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळून द्राक्षारस ओता, ख्रिस्ताला शिव्या द्या, की सुटका, नाही म्हणाल तर मृत्युदंड. सेविका म्हणून मंडळीत काम करणाऱ्या दोन दासींचा आपण शारीरिक छळ करून माहिती काढली, असेही तो सहज लिहून जातो. प्रकटीकरणात नावाने उल्लेखलेला त्या काळचा हुतात्मा एकच, पर्गमातील अंतिपा. संख्या मोठी नव्हती, पण चिमूटभर धुपाने जीव वाचत असताना तो न टाकणे किती कठीण असेल, हे या एका नावावरून कळते.

चौथ्या अध्यायात स्वर्गाचे दार उघडते आणि योहान राजासन पाहतो. राजासनावर बसलेल्याच्या हातात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी आहे. ती उघडायला कुणीच लायक नाही म्हणून योहान रडतो. मग यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे असे त्याला सांगण्यात येते. तो पाहतो तो दिसते वधलेले कोकरू, म्हणजे ख्रिस्त. हे पाचव्या अध्यायातले दृश्य ग्रंथाची किल्ली आहे. पुढे कितीही युद्धे आली तरी विजय ज्याचा आहे तो मारला गेलेला आहे, आणि त्याच्या जखमा स्वर्गातही पुसलेल्या नाहीत. छळ सोसणाऱ्यांना याहून मोठे आश्वासन कोणते देता आले असते!

त्याच दृश्यात राजासनाभोवतीच्या चोवीस वडिलांच्या हातांत धुपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत. तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे लेखक स्वतःच सांगतो. सम्राटापुढे नाकारलेला धूप इथे प्रार्थनेच्या रूपाने स्वर्गात पोचला आहे. इफिस-पर्गमच्या श्रोत्यांच्या ध्यानात हे चटकन आले असणार. पाचवा शिक्का फुटतो तेव्हा वेदीखालून हुतात्म्यांचे आत्मे ओरडून विचारतात की न्याय करायला अजून किती काळ लावणार. हा आक्रोश स्तोत्रसंहितेतल्या विलापांच्या जातीचा आहे, आणि त्याबद्दल त्यांना कुणी दटावत नाही. त्यांना पांढरे झगे मिळतात आणि थोडे थांबायला सांगितले जाते. उत्तर अपुरे आहे. ग्रंथ ते अपुरेच ठेवतो. आठव्या अध्यायात सातवा शिक्का फुटल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते. वाचक मोठ्या स्फोटाची वाट पाहत असतो, आणि घडते ते असे : एक देवदूत वेदीपाशी येतो, प्रार्थनांत धूप मिसळून देवापुढे वर चढवतो, मग त्याच धूपपात्रात वेदीचा अग्नी भरून तो पृथ्वीवर टाकतो. गडगडाट, विजा, भूकंप त्यानंतर येतात. प्रार्थनेचा जगाच्या गतीशी काही संबंध आहे का, या प्रश्नावर ख्रिस्ती साहित्यात यापेक्षा धाडसी उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

शिक्क्यांनंतर सात कर्णे आणि सात वाट्या अशी अरिष्टांची आवर्तने येतात. त्यांपैकी अनेक अरिष्टे मिसर देशावर आलेल्या पीडांच्या धर्तीवर आहेत, म्हणजे त्यांच्या मागे गुलामांच्या सुटकेची कथा उभी आहे. पहिले चार शिक्के फुटतात तेव्हा निघणाऱ्या चार घोड्यांपैकी तिसरा, काळा, घोडा विशेष पाहण्यासारखा आहे. त्याच्या स्वाराच्या हातात तराजू असतो; दिवसभराच्या मजुरीत एका माणसाला एका दिवसापुरते गहू मिळतील इतका भाव चढलेला आहे, तेल आणि द्राक्षारस यांना मात्र धक्का लागत नाही. गरिबाचे धान्य महाग आणि श्रीमंताचे ताट शाबूत, असा हा दुष्काळ आहे. हा भाग मूळ ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गमावली होती, आणि १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला होता. त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेराव्या अध्यायात समुद्रातून श्वापद वर येते आणि त्याची संख्या ६६६ दिली आहे. ‘नीरोन कैसर’ हे नीरोचे ग्रीक वळणाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांची मूल्ये मिळवली की ही बेरीज होते. नीरोन ऐवजी नीरो असे लॅटिन वळणाने लिहिले तर ५० कमी होऊन ६१६ येतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच आकडा आहे. त्यामुळे इशारा रोमन सत्तेकडे आहे यात फारशी शंका राहत नाही. पोप, ल्यूथर, नेपोलियन आणि नंतरचे कित्येक पुढारी यांच्यावर हा आकडा चिकटवण्यात लोकांनी जी बुद्धी खर्चली, ती दुःखद आहे. शत्रूवर शिक्का मारायला शास्त्र वापरले गेले.

सात टेकड्यांवर बसलेली बाबेल हीही रोमच. अठराव्या अध्यायात तिच्या पतनावर व्यापारी शोक करतात, कारण त्यांचा माल आता कुणी घेणार नाही. मालाची लांबलचक यादी सोने, रत्ने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी अशी चालत जाते आणि माणसांच्या जिवांवर येऊन थांबते : गुलाम हेही रोमच्या बाजारातला एक जिन्नस होते. पहिल्या शतकातील ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात आणि भडोचहून हस्तिदंत व रेशमी वस्त्रे जहाजांत चढत असल्याची नोंद आहे. योहानाने ज्या चैनीवर न्यायनिवाडा ऐकला, तिच्या व्यापारवाटेचे एक टोक आपल्या किनाऱ्यावर होते.

विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख फक्त काही ओळींत आहे, पण सर्वाधिक वाद त्यावर झाला. शेवटच्या दोन अध्यायांत नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते. माणसे पृथ्वी सोडून वर जातात असे इथे नाही. देवच माणसांत राहायला येतो आणि त्यांचे अश्रू पुसतो. नगरात मंदिर नाही, वेशी कधी बंद होत नाहीत, आणि जीवनवृक्षाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. ग्रंथ संपतो तो प्रभूने लवकर यावे या प्रार्थनेने आणि एका साध्या आशीर्वचनाने.

शास्त्रात या ग्रंथाला जागा मिळायला वेळ लागला. पश्चिमेकडील मंडळ्यांनी तो लवकर स्वीकारला. पूर्वेकडे संशय टिकून राहिला. चौथ्या शतकातील यरुशलेमचा सिरिल त्याला आपल्या यादीत घेत नाही, तर अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रातील यादीत तो आहे. सिरियाक भाषेतील पेशित्ता बायबलमध्ये तो मुळात नव्हता, त्यामुळे त्या परंपरेत वाढलेल्या केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतही त्याला फारसे स्थान नव्हते. पूर्वेकडील ऑर्थडॉक्स चर्चच्या नित्य उपासनेत तो आजही वाचला जात नाही. ल्यूथरने आपल्या जर्मन नव्या कराराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत त्याच्याविषयी नापसंती उघड लिहिली, पुढे १५३० मध्ये ती सौम्य केली.

अर्थ लावण्याच्या इतिहासात दोन प्रवाह सतत दिसतात. ऑगस्टीनने (३५४–४३०) हजार वर्षे म्हणजे चर्चचा चालू काळ असे मानले, आणि हे मत पश्चिमेत शतकानुशतके टिकले. उलट, आपल्याच पिढीत अंत आहे असे मानणारे गट वारंवार उभे राहिले. म्यून्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये नवे यरुशलेम बळाने स्थापण्याचा प्रयत्न रक्तपातात संपला. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र ख्रिस्ताची वाट पाहण्यात काढली; त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ स्थापला. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची. जॉन नेल्सन डार्बीची काळाचे टप्पे पाडणारी मांडणी १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमुळे जगभर पसरली. विश्वासणारे अरिष्टांपूर्वीच उचलले जातील ही तिच्यातली लोकप्रिय कल्पना प्रकटीकरणात स्पष्टपणे कुठेच सांगितलेली नाही. ग्रंथ तर श्रोत्यांना अरिष्टांतून जाताना धीर धरायला सांगतो. शिवाय तो दिवस व ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असे शुभवर्तमानांत येशूनेच म्हटले आहे.

दडपलेल्या लोकांनी मात्र हा ग्रंथ फारसा चुकीचा वाचलेला नाही. वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत ॲलन बोसाक यांनी त्यावर १९८७ मध्ये भाष्य लिहिले; त्यात योहानाचे पात्म आणि त्यांच्या देशातले तुरुंग शेजारी येतात. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां जर्मनांच्या कैदेत असताना त्याने दहाव्या अध्यायातील देवदूताला अर्पण केलेली ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ रचली. १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो या, तिथे उपलब्ध असलेल्या वाद्यांवर, ती प्रथम वाजवली गेली.

मराठी ख्रिस्ती समाजात या ग्रंथाची ओळख बहुधा दफनविधीच्या वेळी होते, कारण अश्रू पुसण्याचे वचन तिथे वाचले जाते. वसईसारख्या कॅथलिक भागात १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला सातव्या अध्यायातला, मोजता न येणाऱ्या समुदायाचा भाग मिस्सेत येतो. उपासनावर्षाच्या शेवटच्या दोन आठवड्यांतली रोजची वाचनेही एक वर्षाआड याच ग्रंथातून असतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपदेशांत सात पत्रे अधिक वापरली जातात. नव्याने वाचणाऱ्याने आधी ही पत्रे आणि चौथा-पाचवा अध्याय वाचावेत. श्वापदाच्या आकड्यापासून सुरुवात करणारा त्या आकड्यातच अडकून पडतो.