पावसाची वाट आणि मैल्याची वाट

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. शहराचा इतिहास मात्र पुष्कळसा जमिनीखाली लिहिलेला असतो, आणि तो वाचण्याची पाळी आपल्यावर बहुधा मुसळधार पावसाच्या रात्री येते. बंगळूरच्या इंदिरानगरात अशा रात्री मॅनहोलचे झाकण उचलले जाते आणि काळे पाणी रस्त्यावर येते. दुसऱ्या दिवशी मागणी होते ती एकच : शुद्धीकरण केंद्र मोठे करा. ही मागणी कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

केंपेगौडाने 1537 साली वसविलेले हे गाव उंचवट्यावर आहे. त्याच्या पायाशी मोठी नदी नाही. म्हणून खोऱ्याखोऱ्यांतून तळी बांधण्यात आली. वरचे तळे भरले की त्याच्या सांडव्याचे पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या ओढ्यांतून खालच्या तळ्यात उतरे. 1638 मध्ये हे शहर आदिलशाहीच्या ताब्यात येऊन शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले, तेव्हाही येथील जीवन या तळ्यांवरच चालत होते. पुढे 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि 1974 मध्ये कावेरीचे पाणी नळाने आले. नळाने चढविलेल्या पाण्याचा सुमारे चार-पंचमांश भाग मैलापाणी होऊन पुन्हा उतारालाच लागतो, याचा विचार मात्र त्या वेगाने झाला नाही. इंदिरानगर वसले ते याच काळात. त्याचा उतार बेळ्ळंदूर तळ्याकडे आहे. त्या तळ्यावर 2015 मध्ये फेसाचे डोंगर उठले आणि जानेवारी 2018 मध्ये तेथे आग भडकली. तळ्याला आग लागावी, यापरते विपरीत ते काय!

मैलापाणी शुद्ध करण्याच्या आजच्या विद्येशी बंगळूरचे नाते जुने आहे. मँचेस्टरजवळ आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 मध्ये एक पद्धत सिद्ध केली : मैलापाण्यात हवा खेळवायची, त्यातील सूक्ष्म जंतूंना घाण खाऊ द्यायची, आणि नंतर तो जंतुमय गाळ तळाशी बसवून त्यातील बराचसा पुन्हा कामाला लावायचा. या प्रयोगांमागील प्रेरक शास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर हे 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

या पद्धतीचे मर्म असे की, शुद्धीकरण केंद्रात जंतूंचे एक बिऱ्हाडच नांदत असते. पाणी एकाएकी दुप्पट-तिप्पट आले, तर टाकीत गाळाला बसण्यास अवधी मिळत नाही. तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि पाऊस ओसरल्यावरही केंद्र कित्येक दिवस दुबळे राहते.

लंडनमध्ये 1858 च्या दुर्गंधीनंतर बॅझलजेटने बांधलेल्या गटारांत पाऊस आणि मैला एकत्रच वाहतो. त्याचा पुरवठा आवरण्यासाठी 25 किलोमीटर लांबीचा नवा बोगदा 2025 मध्ये पूर्णपणे जोडण्यात आला. बंगळूरमध्ये मात्र मैल्याची वाट वेगळी आणि पावसाची वेगळी, अशी योजना आहे. आपल्याकडील अभियंते साडेसात लाखांहून अधिक वस्तीसाठी गटारातील कमाल प्रवाह सरासरीच्या दुप्पट धरतात. हा हिशेब सकाळच्या स्नानवेळेचा आहे, पावसाचा नव्हे.

एक साधे त्रैराशिक मांडू. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5000 लिटर पाणी जमते. माणशी 135 लिटर पाणी धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाचे दिवसाचे मैलापाणी होते सुमारे 540 लिटर. म्हणजे गच्चीचा एक नळ मैल्याच्या गटारात सोडणारा गृहस्थ, तासा-दोन तासांत नऊ दिवसांचा भार शुद्धीकरण केंद्राकडे पाठवितो! सप्टेंबर 2022 मध्ये या शहरात एका दिवसात 130 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. फुटक्या सांध्यांतून आणि बुडालेल्या मॅनहोलांतून शिरणारे पाणी निराळेच.

केंद्राचा विस्तार नको, असे मी म्हणत नाही. वाढीव पाणी काही तास साठविणाऱ्या टाक्या हव्यात; गाळ बसविणाऱ्या टाक्यांची संख्या वाढली पाहिजे; पावसाळ्यात मैलापाणी हवेच्या टाकीच्या शेवटच्या भागात सोडून आरंभीच्या भागातील गाळ राखण्याची युक्तीही उपयोगी पडते. परंतु वर्षातील मोजक्या दिवसांच्या लोंढ्यासाठी सारे केंद्रच फुगविले, तर उरलेले महिने ते अर्धपोटी चालेल. आम्हा सरकारी नोकरांचा अनुभव असा की, विस्ताराच्या कामाला कोनशिला असते; गच्चीचा नळ योग्य वाटेला लावण्याच्या कामाला ती नसते. म्हणून पहिले काम लवकर मंजूर होते आणि दुसरे फायलीत राहते.

ही हयगय आता केवळ शहराला भोवणारी नाही. 2018 पासून या खोऱ्यातील शुद्ध केलेले पाणी कोलारच्या दुष्काळी तळ्यांत सोडले जाते. त्या योजनेची क्षमता दिवसाला 440 दशलक्ष लिटर ठरविलेली आहे. पावसाच्या रात्री येथे जे बिघडते, त्याची किंमत तेथील विहिरींना मोजावी लागू शकते. वरच्या तळ्याची जबाबदारी खालच्या तळ्यापर्यंत पोहोचते, हा केंपेगौडाच्या काळचा धडा आहे. आपण तो आपल्या गच्चीपासून गिरवावयास हवा.