अलार्म बंद पडल्याचा अलार्म नव्हता

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेतल्या ओहायोत उकाडा होता, घरोघरी एसी चालू होते. पण विजेची मागणी विक्रमी वगैरे नव्हती. पुढच्या सगळ्या वेळा तिथल्याच.

दुपारी १२.१५ – ग्रीडवर नजर ठेवणाऱ्या ‘मिडवेस्ट आयएसओ’ या संस्थेचा स्टेट एस्टिमेटर चुकीची उत्तरं देऊ लागतो. ठिकठिकाणची मीटरवाचनं घेऊन हे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी साऱ्या जाळ्याचं गणित मांडतं. इंडियानातली २३० केव्हीची एक लाईन बंद पडली होती. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती चालूच होती, कारण तिची खबर आपोआप पोहोचण्याची सोयच केलेली नव्हती. विश्लेषकाने चूक शोधून हाताने दुरुस्ती केली. तपासणीसाठी थांबवलेला पाच मिनिटांचा टायमर पुन्हा लावायचा राहिला, आणि तो जेवायला गेला. माणूस आहे, विसरतो. पण पावणेतीनपर्यंत गणित थांबलंय हे कुणाच्याच लक्षात येऊ नये?

१.३१ – क्लीव्हलंडजवळ, ईरी सरोवराच्या काठचा ईस्टलेकचा ५९७ मेगावॅटचा संच क्रमांक ५ ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. म्हणजे शहराला आता आणखी वीज बाहेरून, तारांवरून आणायची.

२.०२ – ओहायोच्या दक्षिणेकडची स्टुअर्ट-अटलांटा ही ३४५ केव्हीची लाईन झाडाला टेकून जाते. तिचीही खबर एस्टिमेटरला आपोआप मिळत नव्हती. टायमर लावल्यावरही उत्तर जुळेना, ते यामुळे.

२.१४ – खरा घात इथे झाला. फर्स्टएनर्जी ही ॲक्रनची वीज कंपनी. तिच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा गोठते. एकाच माहितीवर दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी हात घातला आणि सॉफ्टवेअर फिरत राहिलं. हा दोष सापडायला पुढे कित्येक आठवडे लागले. कंट्रोल रूममध्ये मात्र त्या क्षणी काहीच घडलं नाही. पडदे चालू, आकडे दिसताहेत, अलार्म नाही. अलार्म नाही म्हणजे सगळं आलबेल, असंच ऑपरेटर धरून चालणार. वर्षानुवर्षांची सवय ती.

२.३२ – शेजारच्या एईपी कंपनीचा फोन येतो: स्टार-साउथ कँटन लाईन ट्रिप होऊन परत लागली, तुमच्याकडे काय दिसतंय? इथून उत्तर जातं की आमच्याकडे तशी काही नोंद नाही.

२.४१ – न निपटलेल्या सूचनांच्या ढिगाखाली मुख्य सर्व्हर बसतो. काम आपोआप बॅकअपवर जातं, गोठलेल्या अलार्मसकट. २.५४ ला बॅकअपही बसतो. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा आता बदलायला ५९ सेकंदांपर्यंत घेतो.

सर्व्हर पडल्याची सूचना आयटीच्या माणसांना पेजरवर गेली होती. यंत्रणा आजारी आहे हे कंपनीत माहीत होतं. ज्यांच्या हातात लाईनी होत्या त्यांना तेवढं कुणी सांगितलं नाही.

३.०५ – चेंबरलिन-हार्डिंग लाईन जाते, क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भारावर. खाली झाड वाढलं होतं. ३४५ केव्हीची लाईन निम्म्याहून कमी भारावर झाडाला टेकते, याचा दोष उन्हाला देता येणार नाही. तिच्याखालची झाडं छाटायचं काम कंपनीचंच होतं.

३.०८ – आयटीने मुख्य सर्व्हर पुन्हा चालू केला. सगळ्या प्रक्रिया धावताना दिसल्या, काम झालं असं धरलं गेलं. अलार्म अजून गोठलेलाच होता. ‘तुमच्याकडे वाजतोय का?’ एवढं ऑपरेटरला विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

३.३२ – हॅना-जुनिपर, ८८ टक्के भारावर. पुन्हा झाड. या झाडाचा त्याच दिवशी काढलेला फोटो पुढे चौकशी अहवालात छापला गेला.

३.४१ – स्टार-साउथ कँटन, ९३ टक्क्यांवर. फर्स्टएनर्जीच्या वाट्याचं तिसरं झाड.

३.४२ – या बिघाडावर आयटी आणि कंट्रोल रूम यांचं पहिलं बोलणं. अलार्म गेल्याला तोवर दीड तास होत आला होता. सर्व्हर पूर्ण बंद करून नव्याने सुरू करायचा का, असा विषय निघतो. ३.४६ ला ऑपरेटर नको म्हणतात: ग्रीडची अवस्था नाजूक आहे, आहे ते पडदेही घालवू नका. त्या वेळी ते बरोबरच होतं.

एव्हाना १३८ केव्हीच्या लाईनी एकामागून एक पडू लागल्या होत्या. क्लीव्हलंड-ॲक्रन भागातला १,५०० मेगावॅट भार मुद्दाम तोडला असता तर पुढचं टळलं असतं, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. पण तोडायची वेळ आलीय हे कळायला हवं ना!

४.०४ – मिडवेस्ट आयएसओचा एस्टिमेटर पूर्ववत होतो.

४.०५.५७ – सॅमिस-स्टार लाईन ट्रिप होते. इथे झाड नव्हतं. वाढलेला भार आणि घसरलेला विद्युतदाब लाईनचं रक्षण करणाऱ्या रिलेला दूरवरच्या फॉल्टसारखा दिसला, आणि त्याने ती तोडली. २०१२ च्या ३० जुलैला आपल्या उत्तर ग्रीडला घेऊन बसलेली बीना-ग्वाल्हेर लाईन याच तऱ्हेने गेली होती.

४.१० ते ४.१३ – सॅमिस-स्टारमागोमाग जाळं कोसळत जातं: ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क, कॅनडातलं ओंटारियो. २६५ केंद्रांमधले ५०८ संच बंद, ६१,८०० मेगावॅट भार गेला, पाच कोटी माणसं विजेविना.

ग्रीडच्या विश्वासार्हतेचे नियम तोवर अमेरिकेत ऐच्छिक होते. २००५ च्या कायद्याने ते सक्तीचे करण्याची वाट मोकळी झाली. लाईनीखालच्या झाडांच्या छाटणीचा नियमही त्यांत आला, आणि नियम मोडला तर तेव्हा दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड ठरला.